मापात मिसळलेला पेला

लिंबू सरबत का फसतं? लिंबू जास्त झालं, साखर कमी पडली किंवा पाणी फार झालं. यापलीकडे चौथं कारण सहसा नसतं. मुखेडला ऐन वैशाखात दुपारी दारात आलेल्या माणसाला आधी पाण्याचा तांब्या देतात आणि मग सरबताचा पेला, तेव्हा सरबत करणारी बाई याच तीन गोष्टींचा मेळ बसवत असते. हवानाच्या बारमध्ये शेकर हलवणारा माणूसही तेच करतो. त्याच्या पेल्यात दारू ही चौथी गोष्ट असते, एवढाच फरक.

घरी कॉकटेल करून पाहण्याची हौस आता नांदेड-लातूरकडेही आली आहे. ऑनलाइन दहा-बारा नगांचे चकचकीत बार सेट मागवले जातात. त्यातली निम्मी हत्यारं कपाटात पडून राहतात, आणि सेटमधली सगळ्यांत मोलाची वस्तू, म्हणजे छोटंसं माप, हातात घेतलीच जात नाही. बाटली तिरकी करायची आणि अंदाजाने ओतायचं, हीच रीत चालू राहते. मिश्र पेयाची चव मापावर उभी असते, आणि दारू असलेल्या पेयात पिणाऱ्याची काळजीही त्याच मापाने घेता येते, हे मला या लेखात सांगायचं आहे. त्यासाठी काय विकत घ्यावं, घरातलं काय चालेल आणि पेल्यात नेमकं काय घडतं, ते क्रमाने पाहू.

जुनी मुळं

पाण्याला चव आणि सुगंध देण्याची कला आपल्या मुलखाला नवी नाही. मुखेडचं दशरथेश्वराचं मंदिर चालुक्य काळातलं. त्याच घराण्यातला कल्याणीचा राजा सोमेश्वर तिसरा याने इसवी सन ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. ही कल्याणी म्हणजे आजचं सीमेपलीकडचं बसवकल्याण. राजाच्या उपभोगांचं वर्णन करताना या ग्रंथात ‘पानीयभोग’ असं स्वतंत्र प्रकरण आहे. कोणत्या ऋतूत कुठलं पाणी प्यावं, ते फुलांनी आणि कापराने कसं सुगंधित करावं, याचा विचार त्यात केला आहे.

१६३८ मध्ये सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने तिथल्या इंग्रज वखारीतल्या एका पेयाची नोंद केली: मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. पुढे युरोपभर गाजलेल्या पंच या पेयाचं हे सुरुवातीचं रूप. लिंबू, साखर आणि मद्य यांची सांगड आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरून जहाजांतून बाहेर गेली.

कॉकटेल म्हणजे काय, हे पहिल्यांदा छापून आलं ते १८०६ च्या मे महिन्यात, न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्रात. वाचकाने विचारलं आणि संपादकाने उत्तर दिलं: कुठलंही कडक मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. बिटर्स म्हणजे कडू मुळ्या, साली आणि मसाले मद्यात मुरवून काढलेला अर्क. तो थेंबांनीच वापरतात. सर्वांत प्रसिद्ध अँगोस्टुरा बिटर्स १८२४ मध्ये व्हेनेझुएलात एका जर्मन डॉक्टरने पोटाचं औषध म्हणून तयार केलं होतं. १८६२ मध्ये जेरी थॉमस या अमेरिकी बारटेंडरने पाककृतींचं पुस्तक काढलं आणि तोंडी चालत आलेली ही विद्या कागदावर उतरली.

आंबट आणि गोड

क्लासिक म्हणून ओळखली जाणारी शेकडो कॉकटेलं दोन मोठ्या घराण्यांत बसतात. एका घराण्यात मद्य, आंबट आणि गोड. डाकिरी, व्हिस्की सावर, मार्गारिटा ही सगळी त्यातली. दुसऱ्या घराण्यात आंबट नसतं. मद्याला थोडी गोडी आणि थोडा कडूपणा दिलेला असतो. ओल्ड फॅशन्ड, मॅनहॅटन, नेग्रोनी ही या घराण्यातली. पहिलं घराणं समजलं की आपल्या सगळ्या सरबतांचं गणितही उलगडतं.

लिंबाच्या रसात साधारण सहा टक्के आम्ल असतं, मुख्यतः सायट्रिक. साध्या पाकात निम्मी साखर असते. म्हणून रस आणि पाक जवळजवळ सारख्या मापाने घेतले की जिभेला दोन्ही समतोल वाटतात. त्यात रस किंचित जास्त ठेवला तर पेय तरतरीत लागतं, पाक जास्त झाला तर जड होतं. २५ मिली रसाला २० मिली पाक, हे सुरुवातीला धरून चालायला चांगलं प्रमाण आहे. पुढे आपापल्या जिभेप्रमाणे पाच मिली इकडे-तिकडे करावं.

इथे पहिलं पथ्य असं, की ‘दोन लिंबं’ हे माप नव्हे. कागदी लिंबू झाडाप्रमाणे, पाण्याप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे बदलतं. एका लिंबातून १० मिली रस निघतो, दुसऱ्यातून २०. लिंबं मोजण्याऐवजी रस मोजावा. रस पिळल्यावर चार-सहा तासांत वापरावा. रात्रभर ठेवलेल्या रसाचा ताजेपणा जातो आणि मागे कडवट चव राहते.

दुसरं पथ्य पाकाचं. गार पाण्यात साखर हळू विरघळते आणि मद्यात तर तिचे कण तळाशीच बसतात. एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी कोमट करून साखर विरघळवली, की साधा पाक तयार. स्वच्छ बाटलीत, फ्रीजमध्ये तो दोन-तीन आठवडे टिकतो. गुळाचा पाकही असाच करावा, फक्त तो फडक्यातून गाळून घ्यावा. गुळाला स्वतःचा खमंगपणा असतो. व्हिस्की आणि रमबरोबर तो साखरेपेक्षा जास्त खुलतो. ऊस पिकवणाऱ्या या पट्ट्यात चांगला गूळ मिळायला अडचण नाही.

आंबटासाठी तर मराठवाड्यात निवडीला वाव मोठा आहे. लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातील पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, द्राक्षांत असतं तेच. त्यामुळे चिंचेचा आंबटपणा लिंबासारखा टोचत नाही, तोंडभर पसरतो. कैरीत सायट्रिक आणि मॅलिक ही दोन आम्लं असतात, म्हणून पन्ह्याची चव वेगळी. महाशिवरात्रीच्या सुमारास येणाऱ्या कवठाचा गर आंबट, तुरट आणि सुगंधी असतो. जांभळाचा रस रंग आणि तुरटपणा दोन्ही देतो. या सगळ्यांना एक अट आहे: चिंचेचा कोळ किंवा कैरीचा गर दरवेळी वेगळ्या आंबटपणाचा निघतो, त्यामुळे आधी चमचाभर चाखावा आणि मगच पाकाचं माप ठरवावं.

गोव्याच्या लोकांनी हीच बुद्धी आपल्या मातीवर चालवली. पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणलेल्या काजूच्या बोंडांचा रस आंबवून भट्टीवर एकदा काढला की हुर्राक होते, पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. मार्च ते मे या हंगामात ताजी हुर्राक, लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि गोड लिंबूसोडा असं पेय गोव्यात ठिकठिकाणी मिळतं. त्याला शेकर लागत नाही. आंबट, गोड, खारट, तिखट यांचा तोल मात्र त्यात पुरेपूर साधलेला असतो.

बर्फ: गारवा आणि पाणी एकत्रच

पेय बिघडण्याचं तिसरं कारण पाणी. कॉकटेलमध्ये पाणी वेगळं ओतत नाहीत, ते बर्फातून येतं. इथलं विज्ञान समजून घेण्यासारखं आहे.

घरच्या फ्रीझरमधला बर्फ उणे १८ अंशांच्या आसपास असतो. एक ग्रॅम बर्फ उणे १८ वरून शून्यापर्यंत येताना जेमतेम ९ कॅलरी उष्णता शोषतो. तोच एक ग्रॅम वितळताना मात्र ८० कॅलरी शोषतो. म्हणजे गारव्याचा मोठा वाटा बर्फाच्या थंडपणातून येत नाही, त्याच्या वितळण्यातून येतो. पेय गार झालं याचा अर्थच त्यात पाणी मिसळलं. दोन्ही वेगळं करता येत नाही. मद्यामुळे मिश्रणाचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणून शेकरमधलं पेय शून्याच्याही खाली, उणे पाच अंशांपर्यंत उतरू शकतं.

शेकर जोरात हलवला की १२ ते १५ सेकंदांत मिश्रण स्थिरावतं; नंतर कितीही हलवलं तरी फारसा फरक पडत नाही. या वेळात पेयात त्याच्या मूळ आकारमानाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश पाणी मिसळतं. हे पाणी पाककृतीचाच भाग असतं. ते नसेल तर पेय घशाला जाळतं आणि आंबट-गोड दोन्ही भडक लागतात.

कधी शेकर वापरायचा आणि कधी चमच्याने ढवळायचं, याचा नियम सोपा आहे. रस, गर, दूध किंवा अंड्याचा पांढरा भाग असेल तर शेकर. हवा मिसळते आणि वर बारीक फेस येतो. नुसती मद्यं आणि बिटर्स असतील तर बर्फावर अर्धा मिनिट ढवळावं. पेय नितळ राहतं. सोडा कधीही शेकरमध्ये घालू नये. वायूचा दाब वाढून झाकण उडतं. सोडा शेवटी, पेल्यात, कडेने हळूच ओतावा, आणि तो आधीच गार केलेला असावा, कारण गार पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळून राहतो. आपल्याकडच्या जत्रांत दिसणारी गोटी सोड्याची बाटली हिराम कॉड या इंग्रजाने १८७० च्या दशकात काढली. आतल्या वायूचाच दाब गोटीला तोंडाच्या रबरी कडीवर घट्ट धरून ठेवतो. ती फोडताना येणारा जोराचा आवाज ऐकला, की कोंडलेल्या वायूची ताकद किती असते ते कळतं.

बर्फाचं पाणीही चांगलं हवं. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. पाणी गोठताना क्षार आणि हवा मध्यभागी ढकलली जातात आणि खड्याच्या पोटात पांढरा डाग दिसतो. बर्फ वितळला की ते क्षार पेल्यात उतरतात. जारचं किंवा आरओचं पाणी वापरावं, आणि बर्फाचा ट्रे मटण-मासळीपासून वेगळा, झाकून ठेवावा. बर्फ वास पटकन धरतो. वीज जाऊन अर्धवट विरघळलेला, ओला झालेला बर्फ शेकरमध्ये घालू नये. त्याच्या अंगावरचं पाणी गारवा न देताच पेय पातळ करतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला पाण्याचं मोल वेगळं सांगायला नको. पेल्यातही ते मोजूनच यावं.

काय घ्यावं, काय नको

सर्वांत आधी माप घ्यावं. बारमध्ये त्याला जिगर म्हणतात: दोन्ही बाजूंनी उघडं, एका बाजूला ३० मिली, दुसऱ्या बाजूला ६० मिली. आपल्याकडे छोटा पेग ३० चा आणि मोठा ६० चा, त्यामुळे हे आकडे सवयीचे आहेत. मात्र आतल्या बाजूने १०, १५, २०, ४५ अशा खुणा कोरलेला जिगर निवडावा, कारण रस आणि पाक यांची मापं छोटी असतात. खोल आणि अरुंद जिगरात माप जास्त अचूक येतं. उथळ, पसरट जिगरात काठाची एक रेघ चुकली तरी चार-पाच मिलीचा फरक पडतो. जिगर येईपर्यंत खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं ५, १०, १५ मिली खुणांचं प्लॅस्टिकचं टोपण उत्तम काम देतं.

दुसरी वस्तू शेकर. त्याचे दोन मुख्य प्रकार. तीन भागांचा शेकर, म्हणजे भांडं, त्यावर भोकांची जाळी आणि वर टोपण, याला कॉब्लर म्हणतात. १८८४ मध्ये ब्रुकलिनच्या एडवर्ड हॉक यांनी त्याचं पेटंट घेतलं. नवख्याला तो सोयीचा, पण थंडीने आकसून टोपण घट्ट बसतं आणि जाळीत लिंबाचा गर अडकतो. दोन भागांचा तो बोस्टन: एक मोठा आणि एक छोटा स्टीलचा पेला, तिरके बसवून वरून तळव्याने थोपटायचे. तो धुवायला सोपा, उघडायला सोपा, आणि वर्षानुवर्षं टिकतो. एकच घ्यायचा असेल तर मी स्टीलचे दोन पेले असलेला बोस्टन घ्यायला सांगेन. काचेचा पेला असलेला जोड हातातून निसटला की फुटतो. दुकानात घेताना त्यात पाणी भरून, बंद करून हलवून पाहावं. सांध्यातून थेंबही येता कामा नये. स्टील ३०४ दर्जाचं असावं, लिंबाच्या रसाने ते डागाळत नाही. हे काहीच नसेल तर रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची जाड काचेची बरणी घ्यावी. पन्हं किंवा चिंचेचं सरबत बर्फासह हलवायला ती छान चालते.

तिसरी गाळणी. बारमध्ये वापरतात त्या हॉथॉर्न गाळणीच्या कडेला स्प्रिंग असतं. बोस्टन शेकरच्या तोंडावर ती चपखल बसते आणि बर्फ अडवते. तिच्याखाली चहाची बारीक गाळणी धरली की बर्फाचा चुरा आणि गर दोन्ही थांबतात. चहाची गाळणी घरात असतेच, मात्र कॉकटेलसाठी वेगळी ठेवावी. चहाचा वास तिला कायमचा लागलेला असतो.

चौथी लांब दांड्याचा चमचा, ढवळायला. पाचवी लिंबू पिळणी. ती स्टीलची असावी, ॲल्युमिनिअमवर आम्लाचा परिणाम होतो. पुदिना किंवा आलं ठेचायला खलबत्त्यातला लाकडी बत्ता चालेल, फक्त त्याला पॉलिश किंवा रंग नको. पुदिना ठेचायचा नसतो, पानं हलकेच दाबून वास मोकळा करायचा असतो. पानांचा लगदा केला की हिरवा कडूपणा उतरतो. लिंबाची किंवा मोसंबीची साल काढायला भाजीची सोलणी पुरे. सालीतलं तेल वास देतं, तिच्या आतला पांढरा थर कडू असतो, म्हणून साल पातळ काढावी.

बाकी सगळं नंतर, किंवा कधीच नाही, तरी चालतं. बर्फाचे चिमटे, ओतायच्या नळ्या, नक्षीच्या काड्या, लाकडी स्टँड यांनी पेयाची चव बदलत नाही.

एका बाबतीत मात्र सावध राहावं. व्होडका, लिंबू आणि आल्याचं फसफसतं पेय यांचं मॉस्को म्यूल तांब्याच्या पेल्यात देण्याची पद्धत १९४० च्या दशकात अमेरिकेत रुजली, आणि आता बार सेटमध्ये तांब्याचे पेलेही येतात. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, म्हणून त्याला कल्हई करायची, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळलं गेलं. लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीचच्या आसपास, म्हणजे तो ताकापेक्षा कितीतरी आम्ल. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या यंत्रणेने सहापेक्षा कमी सामू असलेली पेयं उघड्या तांब्यात देऊ नयेत असा इशारा दिला. तांब्याचा पेला घ्यायचाच तर आतून स्टीलचा किंवा निकेलचा थर असलेला घ्यावा. घरचे तांब्याचे पेले पाण्यासाठीच ठेवावेत.

चार पेयं

डाकिरी. हे पेय क्युबातल्या त्याच नावाच्या खाणगावाचं. ६० मिली पांढरी रम, २५ मिली लिंबाचा ताजा रस, २० मिली साधा पाक. भरपूर बर्फासह १२ सेकंद हलवून, दोनदा गाळून, आधी गार केलेल्या पेल्यात. सगळी चूक-बरोबर या पेयात उघडी पडते, म्हणून शिकायला हेच पहिलं घ्यावं.

ओल्ड फॅशन्ड. ६० मिली व्हिस्की, १ चमचा (५ मिली) गुळाचा पाक, बिटर्सचे दोन झटके. पेल्यात एक मोठा बर्फाचा खडा, अर्धा मिनिट ढवळून वर मोसंबीच्या सालीचा तुकडा पिळून सोडायचा. मोठ्या खड्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने कमी असतो, त्यामुळे तो सावकाश वितळतो आणि पेय बराच वेळ एका चवीचं राहतं.

चिंच सोडा. यात दारू नाही. ३० मिली चिंचेचा दाट कोळ, २५ मिली गुळाचा पाक, चिमूट काळं मीठ, चिमूट भाजलेल्या जिऱ्याची पूड. बर्फासह हलवून, गाळून, उंच पेल्यात, वर १२० मिली गार सोडा. चिंचेचा तुरटपणा आणि जिऱ्याचा खमंगपणा बिटर्सची जागा भरून काढतो. म्हणून हे पेय मोठ्या माणसांच्या जिभेला सरबतापेक्षा वेगळं आणि पूर्ण वाटतं.

पन्हं. उकडलेल्या कैरीचा गर एक वाटी, गूळ सव्वा ते दीड वाटी, वेलची, किंचित केशर, चिमूट मीठ. हे सगळं एकजीव करून फ्रीजमध्ये ठेवावं. पाहुणे आले की ५० मिली गराला १५० मिली गार पाणी मोजून शेकरमध्ये बर्फासह हलवावं. एरवी तळाशी गर बसतो, शेकरमुळे तो एकसारखा राहतो आणि वर फेस येतो. शेकर घेतला आणि दारूचा थेंबही घरात नसला, तरी एका उन्हाळ्यात त्याचं सार्थक होतं.

मापाचं खरं कारण

भारतात बाटलीबंद व्हिस्की, रम, व्होडका यांवर बहुधा ४२.८ टक्के अल्कोहोल असं छापलेलं असतं. ३० मिलीच्या छोट्या पेगात म्हणजे सुमारे १२.८ मिली, वजनात १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ते जिरवायला यकृताला तासभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. वरच्या डाकिरीत असे दोन पेग आहेत. बर्फाचं पाणी धरून पेला १४० मिलीच्या आसपास भरतो आणि त्यात अल्कोहोल साधारण १८ टक्के उरतं. गार, आंबट-गोड असल्याने ते सरबतासारखं घशाखाली उतरतं. मद्याचा जळजळीतपणा हा शरीराचा इशारा असतो, आणि चांगलं कॉकटेल तो इशाराच झाकतं. म्हणूनच अंदाजाने ओतलेलं कॉकटेल नुसत्या पेगपेक्षा जास्त धोक्याचं. ६० च्या जागी ९० पडले तर जिभेला कळत नाही, पाय लटपटल्यावर कळतं.

मापाची ही शिस्त मराठवाड्यात जरा जास्तच गांभीर्याने पाळायला हवी. दारूने उद्ध्वस्त झालेलं घर माहीत नाही असं गाव आपल्याकडे नाही. गावातलं दुकान बंद करण्यासाठी उभ्या आणि आडव्या बाटलीच्या चिन्हांवर मतदान करून घेणाऱ्या बायांनी जे सोसलं आहे, ते या विषयावर लिहिताना विसरता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की आरोग्याला पूर्ण निर्धोक असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. ज्याने सुरुवात केलेली नाही, त्याने चवीच्या हौसेपायी सुरुवात करू नये. गरोदर बाया, यकृताचे रुग्ण आणि झोपेच्या किंवा मनोविकाराच्या गोळ्या घेणारे यांनी तर थेंबही घेऊ नये.

कायदाही माहीत हवा. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी आणि बाळगण्यासाठी आजही परवाना लागतो. कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षं, बिअरसाठी २१. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमहून जास्त अल्कोहोल आढळलं तर तो गुन्हा आहे; वरची एक डाकिरीसुद्धा ही मर्यादा ओलांडायला पुरेशी ठरू शकते. बिनलेबलाची, हातभट्टीची दारू कधीही वापरू नये. तिच्यात मिथेनॉल असलं तर शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल बनतं, दृष्टी जाते आणि जीवही जातो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशाच दारूने शंभरहून अधिक माणसं गेली.

घरी पाहुणे बोलावणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात. प्रत्येक पेय मापाने करावं आणि पेल्यात किती पेग आहेत ते पाहुण्याला सांगावं. उन्हाळ्यात दारू शरीरातलं पाणी कमी करते, म्हणून प्रत्येक पेल्याबरोबर तेवढंच साधं पाणी आणि काही खायला द्यावं. आणि न पिणाऱ्यासाठी केलेलं पेय तितक्याच मेहनतीने, तितक्याच चांगल्या पेल्यात द्यावं. पिणाऱ्याला शेकरमधली डाकिरी आणि न पिणाऱ्याला बाटलीतलं कोल्ड्रिंक, हा भेद ज्या घरात नसतो, तिथे कुणाला आग्रह करावा लागत नाही आणि कुणाला संकोचही वाटत नाही. चिंच सोडा आणि डाकिरी एकाच शेकरमधून, एकाच मापाने मोजून निघतात. शिकणाऱ्याने आधी चिंच सोडा आणि पन्हं यांवर हात बसवावा. रस, पाक आणि पाणी यांचा तोल तिथे साधला, की पुढे बाटली उघडायची की नाही, हे त्याला शांत डोक्याने ठरवता येईल. उघडली, तर किती ओतायचं हेही त्याच्या हाताला तोवर नेमकं कळलेलं असेल.